जगात एकच

...आणि वर हीच मला विचारते, "अहो, जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहायला तुमचा हात धजावला कसा?" आता काय सांगू हिला! तुम्हाला सांगतो, माणूस मी वाईट नाही हो, नाद वाईट! तिकिटांचा! आणि तिकिटं तरी पोस्टाची आहेत का? छे! आम्हा हौशी मंडळींनीच कुणाच्या गौरवाची, कुणाच्या आठवणीची म्हणून छापून घेतलेली, कडेला भोकं पाडलेली, अगदी खरी दिसणारी... पाकिटावर लावून तर बघा, पोस्टमन दंड घेऊन जाईल! पण आम्ही ती चिमट्यानं धरणार, भिंगातून न्याहाळणार, आणि घरच्यांची बोलणी खाणार.

तर आमच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, ते आजारी पडले. आमच्यात रीत अशी, की सभासद गेला की त्याच्या नावानं तिकिटांचं एक शीट काढायचं आणि शोकसभेत वाटायचं. छपाई माझ्या गळ्यात. मागच्या खेपेला शीट उशिरा आलं, तर काका भर सभेत माझ्यावर उखडले, "अरे, माणूस वेळेवर गेला, तुला वेळेवर छापता येत नाही?" लागलं हो ते मनाला! म्हणून या खेपेला डॉक्टरांनी नुसती मान हलवली, की मी थेट छापखान्यात! काकांचा हसरा फोटो, जन्मसाल, मग रेघ, मग हे चालू साल, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'... गठ्ठा घरी आणून ठेवतोय तोच फोन! काका उठून बसले, चहा मागतायत! आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "अरे देवा, मग शीटचं काय?" लाज वाटते हो सांगायला. माणूस मी वाईट नाही...

फाडली. स्वतःच्या हातांनी सगळी फाडली! म्हणजे... दोन सोडून. आता तिकिटं जमवणारा म्हटल्यावर दोन ठेवणारच की, एक आपल्याला, एक अदलाबदलीला!

पण तो छापखानेवाला! फळं घेऊन काकांना भेटायला गेला आणि म्हणतो कसा, "काका, तुमच्या श्रद्धांजलीत फोटो काय उठलाय म्हणून सांगू!" घ्या!

झालं, काकांचं बोलावणं आलं. मी एक शीट घेतलं, गेलो, मान खाली घालून उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकांनी हात पुढे केला, भिंग लावलं... माणूस स्वतःचं मरण भिंगातून बघतोय हो, आणि कडेची भोकं सरळ आलीत का ते तपासतोय!

"बाकीची?"

"फाडली, काका."

"सगळी?"

"स... सगळी."

"म्हणजे जगात हे एकच?" आणि डोळ्यांत पाणी की त्यांच्या! "अरे, जगात एकच असलेल्या तिकिटापायी जन्मभर वणवण केली, आणि मिळालं ते माझंच!"

आता तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडानं म्हणू, की काका, दुसरं माझ्या कपाटात आहे?

तेव्हापासून येईल जाईल त्याला दाखवतात. "एकमेव! विचारा याला!" आणि मी शेजारी उभा राहून नंदीबैलासारखी मान डोलावतो. घरी येऊन दुसरं फाडायला घेतो, तर फोटोत काका हसतायत. हसऱ्या माणसाला मधोमध फाडू? आणि खरं सांगू? एवढं दुर्मीळ शीट... हातच चालत नाही! ही विचारते, "तुम्हाला वाईट काकांचं वाटतंय की शीटचं?" दोन्हीचं वाटतं हो! माणूस मी वाईट नाही, पण कुणाचं जास्त ते विचारू नका.

काल काकांनी जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात घेतला. "मला मूलबाळ नाही रे. माझ्यामागे हे शीट तुझंच. मंडळात प्रामाणिक असा तू एकटाच." रडलो हो मी! त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो, म्हटलं आता सांगून टाकायचंच, मोकळं व्हायचं, तोंड उघडलंसुद्धा... आणि मनात काय यावं?

चला, जोडी होईल!