निळ्या झाकणाचे डबे

(आहार-अभ्यासाच्या केंद्रातली लहान खोली. टेबलावर वजनकाटा आणि एक वही. दार नुसतं लोटलेलं.)

आहारतज्ज्ञ : मी रागावत नाहीये, काका. पण चार महिन्यांत तुमचा रक्तदाब उतरला, रक्तातली चरबी उतरली...

कुलूपवाले : मग पाठ थोपटा की माझी!

आहारतज्ज्ञ : आमच्या डब्यांनी ते होणं शक्य नाही. डबे कोण खातं?

कुलूपवाले : वहीत रोज लिहितोय ना मी.

आहारतज्ज्ञ : वाचली वही. चार महिन्यांत एकदाही घासभर उरलं नाही. असं कुणाच्याच वहीत नसतं.

कुलूपवाले : ...बायको खाते.

आहारतज्ज्ञ : काकूंना तर आपण अभ्यासात घेतलं नव्हतं!

कुलूपवाले : तेच म्हणतो मी. अॅटॅक येऊन गेलेले चालत नाहीत म्हणालात. हृदयासाठीचं जेवण, आणि जिचं हृदय दुखावलंय तिलाच दार बंद? मोठ्या डॉक्टरांनी तर हात टेकले होते. किल्ली हरवलेली कुलपं उघडण्यात जन्म गेलाय माझा, मॅडम. म्हटलं, हेही उघडू. नाव माझं घातलं, डबे तिला.

आहारतज्ज्ञ : आणि तुम्ही काय जेवत होता?

कुलूपवाले : अॅटॅक आल्यापासून ती स्वतःसाठी करायची ते. बिनमिठाचं, बिनतेलाचं. डबे आले तरी हाताची सवय तिची, सुटेना. टाकायचं कशाला? महिनाभर तोंड वाकडं करून गिळलं, मग पडलं अंगवळणी. तुमच्या डब्यांना मात्र चव होती हो! म्हटलं, शास्त्र कुठल्या कुठे गेलंय.

आहारतज्ज्ञ : काका, तुम्ही आता अभ्यासातून बाहेर, म्हणून सांगते. अर्ध्या लोकांना आम्ही पथ्याचं देतो. उरलेल्यांना नेहमीचं जेवण, तेल-मीठ सगळं घालून. तुलना करायला. कुणाला काय, ते सांगत नाही. तुमचे डबे नेहमीचे होते.

कुलूपवाले : म्हणजे पथ्य मी खाल्लं.

आहारतज्ज्ञ : हो.

कुलूपवाले : आणि तिला...

आहारतज्ज्ञ : काकूंना आता कसं वाटतंय?

कुलूपवाले : पाय सुजतात. आडवं पडलं की दम लागतो, झोपायला तीन उशा लागतात. मला वाटलं, लागू पडायच्या आधी थोडा त्रास व्हायचाच. दोन घास उरले तर मी ओरडायचो हो तिच्यावर. वाया घालवू नकोस म्हणायचो.

आहारतज्ज्ञ : आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. मी चिठ्ठी देते.

कुलूपवाले : भरून निघेल का हे?

आहारतज्ज्ञ : चिठ्ठी देते मी, काका.

बायको : अहो, आत येऊ का? किती वेळ! हे निळ्या झाकणाचे रिकामे डबे धुऊन आणलेत. नवे घेतले ना?

कुलूपवाले : नाही. आता मिळायचे नाहीत.

बायको : अगंबाई! का हो? आत्ता कुठे गुण यायला लागला होता.