गुडघे ह्यांचे, केस माझे

आमच्या ह्यांच्या गुडघ्यांचं निदान माझ्या केसांवरून झालंय, हे सांगितलं का मी तुम्हाला?

मुलगा आयटीत. त्याच्या कंपनीत आईवडिलांसाठी कसलीशी तपासणी निघाली. शरीरात तांबं, जस्त कमी पडलं की सांधे दुखतात, आणि किती कमी पडलंय ते म्हणे केसांवरून कळतं. चिमूटभर केस कापून पाठवायचे. आता ह्यांचे केस उरलेत ते फक्त लग्नाच्या फोटोत. तर हे कात्री घेऊन माझ्या मागे!

"अहो, गुडघे तुमचे दुखतायत ना?"

"एकाच कुकरमधलं खातो आपण. काय फरक पडतो?"

रिपोर्ट आला, तांबं कमी. झालं! ह्यांनी गोळ्या सुरू केल्या, मनगटात तांब्याचं कडं चढवलं आणि आमच्या अख्ख्या वारजे भागातल्या लोकांना थांबवून थांबवून "माझा रिपोर्ट" ऐकवला. माझ्या केसांचा उल्लेख कुठेही नाही.

गोळ्या संपल्यावर पुन्हा तपासणी. पुन्हा कात्री, पुन्हा माझेच केस. या खेपेला रिपोर्टात तांबं अगदी व्यवस्थित.

"बघ! याला म्हणतात औषध," माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, कण्हत खुर्चीतून उठताना हे म्हणाले.

मी म्हटलं, "खरंय हो. गोळ्या तुम्ही गिळल्या आणि तांबं माझ्या केसांत वाढलं. पत्रिका जुळली होती आपली, पण इतकी जुळली असेल असं वाटलं नव्हतं."