बुडणारा दाणा

(भिवंडीत धामणकर नाक्यावरचं शोभेच्या माशांचं दुकान. दुकानवाले रईसभाई, पूर्णा गावच्या सीताबाई आणि त्यांची नात उन्नती.)

सीताबाई: वज्रेश्वरी आईची शपथ घेऊन सांगते, ह्यातला एक सबूद खोटा न्हाय. चार महिने झाले, तो मासा काचंला तोंड लावून हाय, आन् वरचा एक दाना त्यानं खाल्ला न्हाय. खालची घाण खातो नि जगतो.

रईसभाई: अम्मा, दो थे ना? मीच दिला होता जोडा. दुसरा किधर है?

उन्नती: मंगळवारी मेला, काका. म्हणून तर आलोय. मी शिफ्टवरून आले तर उलटा पडलेला. पाणी बदललं, फिल्टर धुतला. आता हा पण तसाच करतोय. फोटो बघा.

सीताबाई: म्हातारपनानं मेला तो.

उन्नती: आजी, आणून चार महिने झालेत.

सीताबाई: माश्याचं वरीस वेगळं असतं.

रईसभाई: रुको. फोटो बडा करो. हे पोट बघा, आत गेलंय. डोळे पण. खायला काय टाकता?

उन्नती: तुमच्याकडचेच लाल दाणे. सकाळ-संध्याकाळ. आजीच टाकते.

रईसभाई: वो तो तैरनेवाला दाना है. वरच राहतो. टाकीतले गोल्डफिश सगळा साफ करतात. नीचे क्या पहुँचेगा?

सीताबाई: उरलंसुरलं पोचतं की.

रईसभाई: उरतं का?

सीताबाई: गोल्डफिश माजलेत खरे. मोदकावानी झालेत.

रईसभाई: मग. हा सकर आहे, अम्मा, तळाला राहणारा मासा. भूका मरतोय.

सीताबाई: तूच म्हनला व्हतास रे. घेऊन जा अम्मा, ह्याला काय घालायला नको, घाण खातो नि टाकी साफ ठेवतो.

रईसभाई: हां, बोला था. सगळे दुकानवाले बोलतात. गिऱ्हाईकाला बरं वाटतं, फुकटचा नोकर मिळाला. पण घाण खाके कौन जीता है.

सीताबाई: जगतात. आमची गोदू जगली.

उन्नती: आजी, इथे नको ना.

रईसभाई: गोदू कौन?

सीताबाई: माझी धाकटी जाव. नवरा लवकर गेला तिचा, पोरबाळ न्हाय. सोळा मानसांचं घर आमचं, सगल्यांची जेवनं झाली का ती बसायची. टोपाला चिकटलेली खरवड, वर तांब्याभर पानी. बस. भूकच न्हाय लागायची तिला. वारा खाऊन जगायची. आन् ताकद म्हनशील तं एकदा रेतीची होडी रुतली खाडीत, आत सात बापे मानसं. गोदूनं पदर खोवला नि एका हातानं ओढून काढली. दुसऱ्या हातात भरला हंडा व्हता, तो सांडला न्हाय.

रईसभाई: एक हाताने?

सीताबाई: डाव्या.

उन्नती: मागच्या वेळी पाच बापे होते.

सीताबाई: दोगं मागून चढले.

रईसभाई: फिर? पुढे काय झालं त्यांचं?

उन्नती: उडाली. आमच्या घरातल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. वारा खाऊन खाऊन गोदूआजी इतकी हलकी झाली, की एक दिवस अंगण झाडताना वारा आला आणि तिला खाडीपलीकडे घेऊन गेला. लहानपणी वारा सुटला की मी पण अंगणात जाऊन उभी राहायचे.

रईसभाई: सकर पण तसाच जातो. पहिले पोट आत, मग डोळे. काचेला तोंड लावून बसतो, सबको लगता है खा रहा है. मग इतका हलका होतो की पंपाचं पाणी त्याला ढकलत नेतं.

सीताबाई: पंपाचं पानी?

रईसभाई: हां. चिकटून राहायची ताकदच राहत नाही.

उन्नती: मंगळवारचा पंपासमोरच्या कोपऱ्यात होता. आजी? बस तू इकडे, स्टुलावर.

सीताबाई: बरी हाय मी. रईस, हा वाचंल का?

रईसभाई: उम्मीद है. ही वडी घ्या. टाकली की दगडासारखी तळाला जाते. घरात दुधी असेल तर फोड उकडा, चमच्याला बांधून सोडा, काकडी पण चालेल. पण आधी वरच्यांना त्यांचं टाका. त्यांचं झालं की बत्ती बंद करा, फिर इसका डालो. उजेडात वरचे हिसकावून घेतात. ये अंधेरे में खाता है.

सीताबाई: अंधारात.

रईसभाई: आणि सकाळी बघायचं, वडी संपली का. पोट भरलं का. तोंड हलतं म्हणून खाल्लं समजू नका. इसका अलग रखो, अम्मा. इसके नाम का.

सीताबाई: गोदू पन अंधारातच जेवायची. दिवा मालवला का आतून ताट वाजायचं. मी पडल्या पडल्या ऐकायची. सासू म्हनायची, जेवली गं बाय ती, झोप आता.

उन्नती: हे तू कधी सांगितलं नाहीस.

सीताबाई: वाढायची मी. टोपात काय उरलंय ते मलाच ठावं. खरवडसुद्धा पोरं मागून घ्यायची. रिकामं ताट वाजवायची ती, उन्नती. मला झोप लागावी म्हनून.

उन्नती: आजी...

सीताबाई: आन् मला लागायची.

रईसभाई: पानी पिओगी, अम्मा?

सीताबाई: नको. दोन डबे दे त्या वडीचे.

रईसभाई: मासा एकच राहिला ना. एक डब्बा बहुत दिन चलेगा.

सीताबाई: दोन दे.

उन्नती: द्या काका, दोन द्या. चल आजी, रिक्षा भरत आलीय. हात दे. आणि ती होडी, वारा, खाडीपलीकडे... ते सगळं?

सीताबाई: होडी ओढली ती खरं. वाऱ्यानं नेली तेबी खरं, मी डोळ्यांनी बगितलंय. शपथ घेतलीय मी. एकच गोष्ट मनाची घातली त्यात.

उन्नती: कुठली? डावा हात?

सीताबाई: भूक लागायची तिला.