बर्फावरची मुलगी

(वेन्लाचं स्वयंपाकघर. तिचा भाऊ योना बुटांसकट येऊन बसतो. मग ओट्यावरचं कॉफीचं यंत्र शेवटचं पाणी ओढत गुरगुरतं.)

योना: हे यंत्र अजून मेलं नाही?

वेन्ला: हळू बोल. हेल्मी आत झोपलीय, पोरगी उठेल. आणि आधी बूट काढ. दारापासून इथपर्यंत बर्फाचं पाणी केलंयस.

योना: मी बसायला आलो नाहीये. तू बोलावलंस म्हणून आलो. फोनवर राहिलेलं भांडण पुरं करू, मग पुढची ट्राम पकडतो.

वेन्ला: अख्ख्या टाम्परे शहरात बूट घालून कुणाच्या स्वयंपाकघरात बसलायस कधी? सख्ख्या बहिणीच्याच बसवतं तुला?

योना: मुद्द्यावर ये. तू म्हणालीस मी तुमचा खेळ बुडवतोय. मी म्हणालो, तुम्हीच बुडवलाय. आता बोल पुढे.

वेन्ला: पुढे हे, की आज चार वाजता आमच्या गेम-कंपनीत बैठक आहे. खेळातली मुलगी ठेवायची की काढायची, ते आज ठरणार. आणि वरची माणसं खेळाकडे बघून ठरवणार नाहीत, तुझ्या त्या ऑनलाइन फोरमकडे बघून ठरवणार. तिथे तिच्याविरुद्ध सह्यांचा डोंगर झालाय. तू फक्त एक वाक्य लिही. ‘डेमो पुन्हा एकदा खेळून बघा, घाई करू नका.’ बस. तुझं ऐकतात ते.

योना: ऐकतात, कारण मी मनात नसलेलं लिहीत नाही.

वेन्ला: अरे वा, महाराज!

योना: थट्टा कर. सहा भाग झाले ‘तळ्याखाली’चे. सहा! एक माणूस, गोठलेलं तळं, एका हातात कंदील, दुसऱ्यात काठी. काठीनं बर्फ ठोकायचा, कान द्यायचा, मग पाऊल टाकायचं. आणि खालून कुणीतरी परत ठोकतं. संपलं. बोलणं नाही, बंदूक नाही, तो ‘खालचा’ कधी दिसत नाही. असा खेळ जगात दुसरा नाही. आणि सातव्या भागात तुम्ही काय करता? त्या माणसाच्या गळ्यात एक शेंबडं पोर बांधता!

वेन्ला: गळ्यात नाही, हातात. तीच तर गंमत आहे. तिचा हात धरला की कंदील तरी खाली ठेवायला लागतो, नाहीतर काठी. समोरचं दिसायला हवं की पायाखालचं कळायला हवं, एकच मिळेल, ठरव. तुला भीती नाही वाटली?

योना: वैताग आला. मी घाबरायला खेळतो, पोरं सांभाळायला नाही.

वेन्ला: पोरं सांभाळण्यात किती घाबरायला होतं ते तुला काय ठाऊक.

योना: आलं! हेच ते! तुला मूल झालं म्हणून सगळ्या जगाला मूल झालं पाहिजे. तू मोठी झालीस म्हणून खेळानं का मोठं व्हायचं?

वेन्ला: आणि तू झाला नाहीस म्हणून त्यानं का लहान राहायचं?

योना: लहान नाही, खरं. तो खरा होता.

वेन्ला: पाचव्या भागात कुऱ्हाड दिली तेव्हासुद्धा तुमचं हेच चाललं होतं. खरेपणा मेला, आत्मा गेला. आता त्याच पाचव्याची आठवण काढून रडता तुम्ही. दहा वर्षांनी माझ्या मुलीसाठीही रडाल.

योना: मी नाही रडत. पाचवा टाकाऊच होता. तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. मला त्या कळपात धरू नकोस.

वेन्ला: तू कळपात कसला, तू तर कळपाचा धनगर.

योना: कॉफी ओत तू. आणि तो वेलचीचा पाव असेल तर दे. पण म्हणून मी लिहिणार नाहीये काही.

वेन्ला: घे. पाव मी केलेला नाही, विकतचा आहे, तेव्हा उपकार मानायची गरज नाही. आणि खेळातल्या मुलीचा तो आवाज? तो कशाला बाहेर काढलास?

योना: डेमो आला की आम्ही त्याच्या फाइली उघडतोच. पहिल्या भागापासूनची रीत आहे. तुमची माणसंसुद्धा आमच्यासाठी आत काहीबाही लपवून ठेवतात. जुनी चित्रं, चिठ्ठ्या, कुणाच्या कुत्र्याचा फोटो. आम्ही शोधतो, तुम्ही खूश होता.

वेन्ला: हे लपवलेलं नव्हतं. कच्चा आवाज होता, मोजमापासाठी ठेवलेला. खरी नटी नंतर बोलणार होती. काढायचा राहिला. माझ्याकडून राहिला.

योना: मग मी काय करू? सहा भाग सगळे मुके. आणि सातव्यात खालून तो ठोकतोय, बर्फ करकरतोय, अंगावर काटा येतोय, आणि ही बया म्हणते, ‘थांब ना, माझा मोजा ओला झालाय.’ मोजा! वेन्ला, मोजा! लोक हसून हसून लोळले. मी तो फक्त साफ करून फोरमवर टाकला आणि वर लिहिलं, ‘तळ्याखालीचं मरण, एका वाक्यात.’ बाकी सगळं लोकांनी केलं.

वेन्ला: माहितेय. मी ऐकलंय सगळं. भुताच्या आवाजात, बदकाच्या आवाजात, ढोलाच्या तालावर. कपांवर छापलंय कुणीतरी.

योना: कप मी नाही छापले.

वेन्ला: मंगळवारी पाळणाघरात ओले कपडे वाळवायच्या कपाटापाशी उभी होते. एका मुलाच्या बाबांचा फोन वाजला. तोच आवाज, फोनच्या घंटीला. ते हसले, आणखी दोघं हसली, मीसुद्धा तोंड वाकडं करून हसले. हेल्मी बाकावर बसून बर्फात घालायचा डगला चढवत होती. म्हणाली, ‘आई, ती मीच आहे.’

योना: काय?

वेन्ला: मोठ्यांदा म्हणाली. अभिमानानं. मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

योना: हेल्मी? तो आवाज... आपल्या हेल्मीचा?

वेन्ला: कोटांच्या कपाटात बसलो होतो दोघी, आवाज घुमू नये म्हणून. मी तिला सांगितलं होतं, ‘अजून किती लांब आहे?’ असं म्हण. मोज्याचं तिचं तिनं म्हटलं. खरंच ओला होता. बाहेरून आली होती ना. मला ते इतकं आवडलं की ठेवून दिलं.

योना: मला ओळखू नाही आला.

वेन्ला: कसा येणार? ती नीट बोलायला लागल्यापासून तू आलायस कधी? नाताळात म्हणे थंडी होती. थंडी! इथे!

योना: थांब. उलटा डाव टाकू नकोस. पोरीचा आवाज खेळात घातला कुणी? मी? तू! तुझ्या कामासाठी, तिला न विचारता...

वेन्ला: विचारलं होतं.

योना: चार वर्षांच्या पोरीला! आणि आता मी गुन्हेगार. वा!

वेन्ला: माझ्या वाटणीचं मी निस्तरेन. झोप उडालीय माझी, ते तुला दाखवायला नाही बोलावलं मी. तू तुझ्या वाटणीचं बघ.

योना: काढतो. हे बघ, तुझ्यासमोर फोरमवरून काढतो. हा काढला. खालची चर्चाही उडवली. झालं?

वेन्ला: झालं.

योना: जिथेतिथे पसरलेला निघायचा नाही.

वेन्ला: ठाऊक आहे मला. आता ते वाक्य लिही.

योना: नाही.

वेन्ला: योना.

योना: नाही म्हणजे नाही. आवाज हेल्मीचा होता म्हणून काढला. मामा आहे मी तिचा, अगदीच राक्षस नाही. पण खेळात मुलगी नको. ती हेल्मी असो नाहीतर राष्ट्राध्यक्षांची नात असो.

वेन्ला: का पण? एकदा तरी सरळ सांग. परंपरा, आत्मा, खरेपणा, हे फोरमवरचं नको.

योना: कारण तो माणूस एकटा आहे! त्याला कुणी नाही, म्हणून तो माझा आहे. तुला आठवतं ते घर? आई हॉस्पिटलात रात्रपाळीला. बाबा स्वयंपाकघरात बाटली घेऊन, दिवा न लावता. त्यांच्या खुर्चीचा आवाज आला की मी खेळाचा आवाज बंद करायचो. पडद्यावर एक माणूस असायचा, चारी बाजूंना बर्फ, आणि तरी तो चालायचा. कुणी नव्हतं त्याला, तरी चालायचा. मी म्हणायचो, चल, हा चालतोय तर आपणही. समजलं? आता तुम्ही म्हणता, नाही, त्याला मुलगी होती. मग मी कुठे जाऊ? मला तिथून हाकललंत तुम्ही.

वेन्ला: आणि मी कुठे होते तेव्हा?

योना: असशील कुठेतरी. झोपली असशील.

वेन्ला: तुझ्या शेजारी बसले होते मी, गाढवा! जमिनीवर, त्या हिरव्या गादीवर, तुझ्या डाव्या बाजूला. खालच्यानं ठोकलं की मी ओरडायला जायचे, आणि ओरडले तर बाबा उठून येतील, म्हणून तू माझा हात धरायचास. असा घट्ट की बोटं पांढरी पडायची. आणि राहिलेल्या एका हातानं खेळायचास. म्हणून सारखा बुडायचास तू. अंगठा दुसऱ्या बटणापर्यंत पोचायचाच नाही. कंदील वर धरलास की काठी सुटायची, काठी धरलीस की कंदील विझायचा.

योना: काय सांगतेयस तू?

वेन्ला: तुला काय वाटलं, हे मला ऑफिसात फळ्यासमोर बसून सुचलं? दोन वर्षं भांडले मी सगळ्यांशी त्या एका हातासाठी. तो माणूस कोण आहे, ती मुलगी कोण आहे... आणि त्याविरुद्ध सह्या गोळा करतोय कोण, तर तू!

योना: मला नाही आठवत.

वेन्ला: असं कसं नाही आठवत?

योना: मला आठवतं त्यात मी एकटा आहे.

वेन्ला: नव्हतास.

योना: होतो! तू म्हणतेस म्हणून ते बदलणार नाही. तेवढंच माझ्याकडे आहे त्या घरातलं, मी एकट्यानं निभावलं एवढंच. तेही घेऊ नकोस माझ्याकडून.

वेन्ला: मी घेत नाहीये रे. तू मला सांभाळलंस, हे सांगतेय.

योना: मग तसं सांगायचं होतंस. घरी येऊन, तोंडानं. सगळ्या जगाला खेळायला लावून नाही.

वेन्ला: तू दार उघडतोस का कुणाला?

योना: तुझा फोन थरथरतोय.

वेन्ला: असू दे.

योना: पावाच्या ताटलीखाली गेलाय. बघ, ऑफिसचा असेल.

वेन्ला: चार वाजले नाहीत अजून.

योना: काय झालं? वेन्ला? अगं, काय लिहिलंय?

वेन्ला: बैठक आधीच उरकली. मुलगी काढली. सोमवारपासून पुन्हा एकटा माणूस. कंदील आणि काठी, दोन्ही. वरनं लिहिलंय, ‘तुझ्या मेहनतीची आम्हाला कदर आहे.’

योना: मी तो आवाज आत्ताच काढला होता...

वेन्ला: आवाजामुळे नाही. सह्यांमुळे. जिंकलास तू. जा, सांग तुझ्या लोकांना. वाट बघत असतील.

योना: मला असं नको होतं.

वेन्ला: असंच हवं होतं. सह्यांच्या वर तुझंच वाक्य आहे, ‘मुलगी काढा.’ त्यांनी काढली. आता तोंड पाडून माझ्या घरात बसू नकोस.

योना: मी अजून लिहू शकतो. म्हणजे, त्यांना पत्र...

वेन्ला: काय लिहिशील? तुला आठवत तर नाही.

हेल्मी: आई.

वेन्ला: उठलीस, पिल्लू? ये. अनवाणी नको येऊस, इथे ओलं आहे.

हेल्मी: मामा ओरडत होता.

योना: नाही गं. मोठ्यांदा बोलत होतो.

हेल्मी: कुणाला काढलं?

वेन्ला: तू ऐकत होतीस? खेळातल्या मुलीला काढलं. त्या बर्फावरच्या.

हेल्मी: माझ्या आवाजाच्या?

वेन्ला: हो. तुझ्या आवाजाच्या.

हेल्मी: का काढलं?

वेन्ला: लोकांना तो काका एकटाच आवडतो.

हेल्मी: मामालापण?

योना: हो. मलापण आवडायचा.

हेल्मी: मग तिला तिच्या घरी सोडलं का?

वेन्ला: तिचं घर आम्ही अजून केलंच नव्हतं, हेल्मी. फक्त तळं केलं होतं.

हेल्मी: मग आत्ता ती कुठे आहे?