मुखरूच्या डोंग्यावरची रबरी नाव

—नाई नाई साहेब, डोंगा तपासाले आले ना, तुमी बसा, मुखरू बाजारातून येतेच, तोवर मी दाखवते ना! शेजारीन हाय मी त्याची, आशाबाई — त्याच्या घरातला मिठाचा डबा कुठी हाय ते मले मालूम, मंग ही रबरी नाव काऊन नसन मालूम? मोटरडोंग्यावर ठेवतात हिले — डोंगा बुडाला तं दोरी ओढाची, सिलेंडरचा गॅस भरते, आन फुस्सकन तंबूवाली नाव तयार! जुनी हाय, तारीख सरली, सारं खरं — पन तुमी "चालते" म्हनून लिहून टाका. "बदला" लिहिलं का नवीन येईपर्यंत डोंगा बंद, आन परवा माह्या पोरीची, खुशबूची बरात हाय — वैनगंगेच्या पलीकडून, याच डोंग्यानं!

आन चांगली हाय म्हनून उगाच नाई सांगून राह्यली — मी परीक्षा घेतली ना! कवा? गावात नाटक होतं तवा. नाटक म्हटलं का आमच्याकडे घरोघरी पाहुने — माह्या घरी एकोनीस! बसाले जागा नाई, मुखरूच्या ओसरीत ही पिशवी पडली होती, म्हटलं यात तंबू हाय म्हनतात, पाहू तं — आन ओढली दोरी! अव माय, काय आवाज! अंगनभर नाव फुगली, बकरी पळाली, आमचा बुढा खाटेवरून खाली — हसा, हसा, तो पन हसला. आन त्याच तंबूत चहा पिता पिता व्याही म्हनले, "पोरगी पसंत हाय." आठ जन बसलो होतो साहेब, कुठी काही फाटलं नाई!

हे टाके? ते माहेच. हवा काढली, घडी घातली, पन पिशवीचं तोंड लागनच नाई — मंग गोधडीची मोठी सुई घेतली... रबरात? गेली असन एखाद-दोनदा. असे काऊन पाहून राह्यले? गॅस तं तवाच निघून गेला — पुन्हा भरत नाई का आपोआप? नाई? मुखरूले कोन सांगते, तो त्या दिवशी पलीकडे होता... म्हंजे चार महिने झाले, तो रोज लोकं भरभरून नेते, आन ही... नुसती पिशवी?

बरातीत? चाळीस जन, लेकरंबाकरं धरून. आन जाताना... जाताना तं खुशबू पन. नाई, तिले पोहता नाई येत.

लिहा साहेब. "बदला" लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. मुखरूचा काही दोष नाई, तेही लिहा — मी सांगीन त्याले, शिव्या देल्या तं खाईन. बरात पुलावरून येईन, फेरा पडते तं पडू द्या, भात थंडा होते तं होऊ द्या — उठा आता, काय बसून राह्यले! मले व्याह्याले फोन लावू द्या.