पळाल्याचे दोन खजूर

हसू नका, खरं सांगतो. साखर वाढली म्हणून सूनबाईनं माझी जिलेबी बंद केली. म्हणली, "आबा, रोज सकाळी पळून या, मंग दोन खजूर देते. बिलकुल जिलेबीवानी गोड लागतात."

पहिल्याच दिवशी धोतर खोचून मंठा रोडला हळूहळू पळत निघालो. परत येताना शेजारचा किसन घाबरून म्हणला, "आबा, काय झालं?"

"काई न्हाई रे. गोडासाठी पळून राह्यलो."

त्याला वाटलं, कुणाच्या तरी तेराव्याचं गोडजेवण हाय. टोपी घालून माझ्यामागं घरापर्यंत आला. सूनबाईनं खजूर पुढं ठेवले. पाहुणा म्हणून मी वाटी त्याच्याकडं सरकवली, तर त्यानं दोन्ही खाल्ले. मंग हळूच विचारलं, "आबा, तेरावं कुणाचं?"

मी म्हणलो, "जिलेबीचं."