दारातला अनोळखी

कॅमेऱ्यांच्या दुकानात शिंपीकाका मांडीवर आपल्या दारावरच्या कॅमेऱ्याचं खोकं घेऊन नंबराची वाट पाहत होते. पुढे काउंटरवरच्या पोरासमोर एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"काय बिघडलंय, आजोबा?"

"दारावरचा कॅमेरा, बाबा. मी घरी आलो की भोंगा ठणाणा करतो. शेजारी काठ्या घेऊन धावतात."

"आणि आजी आल्या की?"

"तिला अवाक्षर बोलत नाही!"

"मोबाइल बघू. अहो, तुमच्याच फोटोखाली तुम्ही 'अनोळखी' दाबलंय."

"हा मी? मला वाटलं, कोणी टकल्या, पोक आलेला भुरटा घुटमळतोय."

"मी सांगत होते, तुम्हीच आहात. तर म्हणाले, मला केस आहेत!"

"होते ना, लग्नात! आता स्वतःच्याच घरात मागच्या दाराने शिरतोय. सोडव रे यातून."

"नवा फोटो घेऊ. इकडे बघा. हसा जरा."

"हसरा नको काढूस, बाळा. घरी येताना हे कधी हसत नाहीत. परत बोंबलेल."

"आता हसू आवरत नाही गं!"

"मग रोज तसंच हसत या."

शिंपीकाकांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि खोकं घेऊन पुढे सरकले.